पेढे वाटून झाले, व्हिसा कुठे अडला? परदेशी निघालेल्या डॉक्टरची वाट समजून घेताना



परळ, लालबाग, दादर या भागातल्या कुठल्याही शाळेत नववी-दहावीच्या वर्गात "पुढे कोण होणार?" असं विचारून बघा. ‘डॉक्टर’ हे उत्तर आजही भरपूर येतं. साहजिक आहे. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं मुलांच्या रोजच्या रस्त्यावर आहेत. त्यातली काही मुलं खरंच डॉक्टर होतात आणि काही जण पुढच्या शिक्षणासाठी अमेरिका किंवा इंग्लंडची वाट धरतात. त्या परीक्षांची माहिती त्यांना असते, क्लास असतात, सीनिअर असतात. पण परीक्षा संपल्यावर जो टप्पा येतो त्याबद्दल घरात बहुतेक कोणालाच काही माहीत नसतं. नोकरी हातात आहे, पत्र आलं आहे, पेढे वाटून झाले आहेत आणि व्हिसा मात्र येत नाही! हा टप्पा नेमका काय असतो, त्यात उशीर कुठे होतो आणि त्या काळात घरच्यांनी काय करावं, ते आज बघू.

समजा, लालबागच्या एका चाळीत राहणारी मुलगी आहे. केईएमला जोडून असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून (१९२६ साली सुरू झालेलं हेच ते जी. एस.) ती एमबीबीएस झाली. अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी करायची म्हणून तिने यूएसएमएलईचे टप्पे पार केले. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पदवी तपासून प्रमाणपत्र देणारी ईसीएफएमजी नावाची संस्था तिथे आहे, तिचं प्रमाणपत्र मिळवलं. मुलाखती दिल्या. मग येते ‘मॅच’. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने लिहितात, रुग्णालयं आपल्या पसंतीचे उमेदवार लिहितात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. आपल्याकडच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखंच, फक्त इथे यादी दोन्ही बाजूंनी असते. निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. तो दोघांनाही बांधील असतो, मनात आलं म्हणून कोणालाही सोडता येत नाही.

कामावर हजर व्हायची तारीख असते साधारण १ जुलै.

आता मोजा. मार्चचा तिसरा शुक्रवार ते १ जुलै, म्हणजे जेमतेम शंभर दिवस. एवढ्या दिवसांत कागदांची एक साखळी पूर्ण व्हायची असते. रुग्णालयाचा करार यायचा. करार दाखवून दिल्लीच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून एक पत्र मिळवायचं. ते पत्र, करार आणि बाकीचे कागद ईसीएफएमजीकडे गेले की ती संस्था डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते. तो आल्यावर त्याचं शुल्क भरायचं, व्हिसाचा ऑनलाइन अर्ज करायचा, कॉन्सुलेटच्या तारखा घ्यायच्या. तारखा दोन असतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुलाखतीची. मुलाखत चांगली झाली तर पासपोर्ट ठेवून घेतात आणि व्हिसा चिकटवून परत देतात. यातल्या प्रत्येक टेबलावरचा माणूस आधीच्या टेबलाचा कागद आल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि या टेबलांपैकी एकालाही १ जुलैची घाई नसते. घाई फक्त आपल्या मुलीला आणि तिच्या रुग्णालयाला असते.

हुशार मुलांना हे जड का जातं, याचा मी एक शिक्षक म्हणून बराच विचार केला आहे. बालवाडीपासून आपण त्यांना एकच गणित शिकवतो: अभ्यास वाढवला की मार्क वाढतात. ही मुलं त्या गणितावर पंचवीस-सव्वीस वर्षं जगलेली असतात. आणि अचानक असा टप्पा येतो की जिथे रात्रभर जागून काहीच वाढत नाही. रांग आपल्या गतीने चालते. अशा वेळी मूल स्वतःमध्ये चूक शोधू लागतं. मी फॉर्म नीट भरला नाही का, मुलाखतीत काही बोललो का, माझ्यात काही कमी आहे का? पालकांनाही तसंच वाटतं, आणि शेजारी तर विचारतातच, "काय हो, तुमची मुलगी निघणार होती ना?" म्हणून पहिली गोष्ट ही समजून घ्या की व्हिसाचा उशीर बहुतेक वेळा उमेदवाराबद्दल काहीच सांगत नाही. तो कोणत्या टेबलावर अडला आहे, हे सांगतो.

२०२५ सालचं उदाहरण घ्या. त्या वर्षी मॅचचा निकाल २१ मार्चला लागला. कागद गोळा करता करता मे महिना उजाडला. आणि २७ मे रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरातल्या आपल्या कचेऱ्यांना कळवलं की विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या तारखा देणं थांबवा. ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या त्यांच्या मुलाखती व्हायच्या होत्या, पण नवी तारीख मिळणं बंद. रेसिडेन्सीला जाणारे बहुतेक परदेशी डॉक्टर ज्या जे-१ व्हिसावर जातात, तो याच एक्स्चेंज व्हिजिटर गटात मोडतो. म्हणजे आदेश मुख्यतः विद्यार्थ्यांच्या संदर्भात गाजला, पण त्यात डॉक्टरही सापडले. १८ जूनला तारखा पुन्हा सुरू झाल्या. अर्जदारांनी सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, अशी नवी अट आली. डॉक्टरांना प्राधान्य द्या, असंही कचेऱ्यांना सांगितलं गेलं. पण मधले बावीस दिवस गेले ते गेलेच. शंभरातले बावीस, तेही शेवटच्या टप्प्यातले! ज्याच्या दिल्लीच्या पत्राला आठवडाभर उशीर झाला तो अडकला आणि ज्याला ते आठवडाभर आधी मिळालं तो सुटला. दोघांच्या गुणवत्तेत काडीचा फरक नाही.

दुसरा रस्ता एच-१बी व्हिसाचा. त्यासाठी यूएसएमएलईची तिसरी पायरीही आधीच पार करावी लागते आणि रुग्णालय स्वतः अर्ज करतं. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. तेव्हाच्या दराने साधारण ८८ लाख रुपये. खेड्यातलं एखादं छोटं रुग्णालय एका शिकाऊ डॉक्टरसाठी एवढे पैसे कुठून भरणार? त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बीवाल्यांचीही ऑनलाइन खाती तपासण्याचा नियम लागू झाला. भारतातल्या कचेऱ्यांनी डिसेंबरच्या मध्यानंतरच्या कितीतरी मुलाखती मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या. लग्नाला, आजारी आजीला भेटायला, दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेले लोक इथेच राहिले. दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन शिक्का मारून घ्यायची जुनी पळवाटही सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली होती. अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहतो तिथेच करायचा.

मुलाखत झाल्यावरचा एक प्रकार मुद्दाम सांगते, कारण त्याने घरात सगळ्यात जास्त रडारड होते. कधी कधी अधिकारी "अजून तपासणी बाकी आहे" असं सांगून एक कागद हातात देतो. त्यावर कायद्याचं कलम असतं, २२१-जी. घरी येऊन वेबसाइटवर अर्जाची स्थिती पाहिली की तिथे शब्द दिसतो ‘रिफ्यूज्ड’. नाकारलं! प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच की आज व्हिसा दिलेला नाही, फाइल उघडी आहे. अनेकांना पुढे त्याच अर्जावर व्हिसा मिळतो. पण किती दिवसांनी, हे कोणी सांगत नाही. दोन दिवस लागू शकतात किंवा दोन महिनेही. अशा वेळी आईबाबांनी तो शब्द वाचून मुलाला फोनवर विचारू नये. आधी कलम बघावं.

तिकडच्या रुग्णालयाची बाजूही बघा. अमेरिकेतले सुमारे एक चतुर्थांश डॉक्टर परदेशात शिकलेले आहेत आणि त्यांत भारतातून गेलेले सर्वांत जास्त. १ जुलैला नवी तुकडी येणार हे धरून ड्यूट्यांचं वेळापत्रक लागलेलं असतं. एक जण कमी आला की त्याच्या रात्रपाळ्या उरलेल्यांवर पडतात. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२१ साली नीट-पीजीचं समुपदेशन रखडलं, नवे निवासी डॉक्टर वेळेवर आलेच नाहीत. आधीच्या तुकड्यांनी ते काम ओढलं आणि शेवटी डिसेंबरमध्ये देशभर निवासी डॉक्टर आंदोलनात उतरले, महाराष्ट्रातल्या ‘मार्ड’सकट. रांगेत अडकलेला डॉक्टर दिसतो एक, पण त्याच्या मागे न भरलेली एक ड्यूटी असते आणि तिच्या मागे वाट पाहणारे पेशंट. काही रुग्णालयं रुजू होण्याची तारीख पुढे ढकलतात. काहींना ते जमत नाही. मग मॅचचं बंधन रीतसर सोडवून घेऊन जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि आपली मुलगी पुढच्या वर्षीच्या रांगेत.

दिल्लीच्या त्या पत्रात काय असतं, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा वाचावं असं मला वाटतं. त्याला ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ म्हणतात. या विषयातले डॉक्टर भारताला हवे आहेत आणि ही व्यक्ती शिक्षण संपवून परत येईल अशी लेखी हमी तिने दिली आहे, असं आपलं सरकार त्यात अमेरिकेला कळवतं. त्याच आधारावर जे-१ मिळतो. जास्तीत जास्त सात वर्षं, आणि डीएस-२०१९ दरवर्षी नव्याने. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं बंधन त्याच व्हिसात असतं. डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायला तयार झालं तर त्यातून सूट मिळते, पण तिथेही मोजदाद आहे. प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा. ‘परत यायची गरज नाही’ असं प्रमाणपत्र द्यायचं आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०११ पासून बंद केलं आहे. महापालिकेच्या कॉलेजात, मुंबईकरांच्या करातून शिकलेल्या मुलीने हा कागद नुसता "सही कर, सगळेच करतात" म्हणून भरावा, हे मला पटत नाही. जायचं की नाही, परतायचं की नाही, हा तिचा निर्णय. पण सही कशावर केली, ते तिला आणि तुम्हाला ठाऊक हवं.

इथल्या टेबलांचंही तेच. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात एमबीबीएस केलं असेल तर एक वर्षाच्या सेवेचा बाँड असतो, नाहीतर दहा लाख रुपये. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. नोंदणी आणि ‘गुड स्टँडिंग’चं प्रमाणपत्र महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, ज्यांचं कार्यालय चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर, लालबागहून चालत जाण्यासारखं. या कागदांना लागणारा वेळ अमेरिकेच्या नावावर खपवला जातो. हे मार्चच्या आधी उरकता येतं. शंभर दिवस सुरू व्हायची वाट पाहायची गरज नाही.

थोडं मागे जाऊ. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना पैसा, जातीचा विरोध, प्रकृती अशा असंख्य अडचणी होत्या, पण व्हिसा नावाची गोष्टच नव्हती! ती पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. पुढे अमेरिकेने आशियाई लोकांना दार जवळजवळ बंदच केलं आणि ते मोकळं झालं १९६५ च्या कायद्याने. त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. गिरगावातल्या जुन्या माणसांना ब्रीच कँडीला समुद्राकाठच्या लिंकन हाउसबाहेरच्या रांगा आठवत असतील. २०११ मध्ये ते कॉन्सुलेट बीकेसीला हललं. आता गिरगावहून किंवा दादरहून मेट्रोने थेट बीकेसी गाठता येतं. रांग तेवढी उन्हातून ऑनलाइन गेली.

इंग्लंडची गोष्ट वेगळी, पण शिकण्यासारखी. एकेकाळी मुंबईची पदवी तिथे तशीच चालत असे. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता गेली आणि परीक्षा आली. २००६ च्या मार्चमध्ये सरकारने अचानक जाहीर केलं की युरोपबाहेरच्या डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागेसाठीही एप्रिलपासून वर्क परमिट लागेल. जे आधीच तिथे पोहोचले होते, परीक्षा पास झाले होते, कर्ज काढून राहत होते, त्यांचं काय? भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना कोर्टात गेली. उच्च कुशल स्थलांतरितांच्या योजनेतून आलेल्या डॉक्टरांना मागे ठेवा, असा सल्ला आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने एप्रिल २००८ मध्ये तो बेकायदा ठरवला. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत कित्येक जण कंटाळून परतही आले होते.

त्यानंतर २०१७ च्या डिसेंबरपासून आणखी एक अडचण. वर्षाला २०,७०० वर्क व्हिसांची मर्यादा होती, ती महिन्यामहिन्याला वाटलेली. महिन्याचा वाटा संपला की नोकरीचं पत्र असूनही डॉक्टरला नकार. इथे कोर्टाची गरज पडली नाही. खुद्द रुग्णालयांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली की आमच्याकडे जागा रिकाम्या आहेत आणि माणसं विमानतळावर येऊ शकत नाहीत. १५ जून २०१८ ला सरकारने डॉक्टर आणि नर्स यांना त्या मर्यादेतून वगळलं. २०२० च्या ऑगस्टपासून त्यांच्यासाठी वेगळा हेल्थ अँड केअर व्हिसा आला. त्याचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत होतो. तिथे काळजी वेगळीच असते. रुग्णालयाने दिलेलं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र तीन महिन्यांत वापरावं लागतं, क्षयरोग तपासणीचा दाखला सहा महिने चालतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी ताजे असायला हवेत.

या सगळ्यात एक धागा बघा. उमेदवाराने हात जोडून केलेल्या विनंतीने क्वचितच काही हलतं. रुग्णालय बोललं की हलतं. म्हणून वाट पाहण्याच्या काळात करायचं मुख्य काम म्हणजे रुग्णालयाच्या समन्वयकाला प्रत्येक टप्प्यावर ईमेल करत राहणं: कागद अमुक तारखेला गेला, अमुक उत्तर आलं, मुलाखत अमुक दिवशी. मुलाखतीची तारीख उशिराची मिळाली तरी ती घेऊन ठेवावी. तारीख हातात असेल तरच ती लवकर करण्याची विनंती करता येते, आणि तिला रुग्णालयाचं पत्र जोडता येतं. तारीख पुढे ढकलायला रुग्णालय तयार असेल तर ते लेखी घ्यावं. "लगेच अपॉइंटमेंट काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पासवर्ड देऊ नये. पासपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये, मग मावशी काहीही म्हणो. अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती लिहावी लागतात. तिथे विसरभोळेपणा नको.

घरात पैशाचा हिशेबही मांडून ठेवा. पहिला पगार रुजू झाल्यावर येतो. त्याआधी तिकडच्या घराचं डिपॉझिट, इथला खर्च, भरलेली शुल्कं, असं सगळं घरातूनच जातं. काही मुलं त्या महिन्यांत मुंबईतच एखाद्या रुग्णालयात काम धरतात. फार चांगलं. हात चालू राहतो आणि दिवसभर स्क्रीनवरची स्थिती बघत बसणं टळतं. आणि रोज संध्याकाळी "काही आलं का?" हा प्रश्न विचारू नका. आलं की ती सांगेलच. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी सगळ्यांनी बसून बोला. झोप, जेवण पार बिघडलं असेल तर मात्र तिला डॉक्टरकडे न्या. डॉक्टर असली म्हणून काय झालं!

आता आपल्या शाळेकडे येऊ, कारण या साखळीची पहिली कडी आपल्याच हातात असते. ती म्हणजे नाव. परदेशातल्या संस्था पासपोर्टवरचं नाव आणि पदवीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. आपल्याकडे बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. त्यात श्रद्धा एका कागदावर दोन ‘डी’ची, दुसऱ्यावर एकाच. आडनावात कुठे ‘व्ही’, कुठे ‘डब्ल्यू’. लग्न झालं की आणखी एक रूप. प्रत्येक फरकासाठी प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक प्रतिज्ञापत्राला त्या शंभरातले काही दिवस. नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्यावं लागतं. त्याचं शासकीय मुद्रणालय आपल्या चर्नी रोडला आहे, अर्ज आता ऑनलाइन होतो. दहावीचं प्रमाणपत्र दुरुस्त करायचं तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि पंचविसाव्या वर्षी शाळेत येऊन जनरल रजिस्टरची पानं उलटणारे माजी विद्यार्थी आपल्या कार्यालयात आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी एक तास यासाठी ठेवता येईल. मुलांना जन्मदाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट असल्यास त्याची झेरॉक्स आणायला सांगा. वहीच्या पानावर तीन रकाने आखून प्रत्येक कागदावरचं आपलं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं लिहायला लावा. जिथे फरक दिसेल तिथे लाल पेनाने गोल. ते पान घरी पाठवून पालकांची सही आणा, आणि फॉर्म त्यानंतरच ऑनलाइन भरा.